दिवसा सांगितलेली गोष्ट

"घरी जा, विचारून ये, मंग फोन दे."

धसईच्या बाजारात काकांच्या दुकानात फोन दुरुस्तीला आणणाऱ्या माणसाला पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळायचं. बिचारा एवढंच म्हणत असायचा, की फोन हँग होतोय, फॉरमॅट मारून द्या. पण काका फोनला हातही लावत नसत. गळ्यात कायम हेडफोन अडकवलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि चष्म्याच्या वरून गिऱ्हाइकाकडे बघणं.

"काय विचारू?"

"यात कुनाचा आवाज हाय का ते. आयला विचार, बायकोला विचार. घरात कुनी म्हातारं गेलंय का मदल्या काळात?"

"आवो काका, फोन बिगडलाय. मानूस नाय."

"म्हनून तर विचारतो. फोन दुसरा मिळंल तुला."

काही माणसं चिडून मुरबाडला निघून जायची. काही मात्र घरी जायची आणि पुढच्या बाजारी परत यायची, आणि आल्यावर त्यांचा आवाज बदललेला असायचा. कुणाच्या फोनमध्ये मेलेल्या चुलत्याचा कॉल रेकॉर्ड झालेला निघायचा, "आरं बैल सुटला, ये लवकर" एवढाच. कुणाच्या आईनं नातवाला पाठवलेली, भाजी कशी चिरायची ते सांगणारी फीत. काका ते हळूच काढून घ्यायचे, फोनवाल्याला त्याची प्रत द्यायचे, आणि विचारायचे, "एक माज्याकडं ठेवू का?" नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर तो आवाज काकांच्या संगणकात जायचा. आमच्या ठाकरी बोलीचं कोठार असं सुरू झालं, बिघडलेल्या फोनांमधून. ते सुरू झालंय हे काकांनाही लगेच कळलं नव्हतं.

मी हे कोचीनहून लिहितोय. इथं एका सर्व्हिस सेंटरमध्ये फोनचे बोर्ड दुरुस्त करतो. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं भातगिरणीवर पोती वाहिली, भिवंडीकडे गोदामात राहिलो, आणि मिशा फुटलेला बाप्या झाल्यावर एक दिवस बापाचा फोन घेऊन काकांच्या दुकानात गेलो तो तिथंच राहिलो. मी मुळातच भित्रा. साहेबाची हाक आली की मी पोत्यांमागं, अनोळखी नंबर वाजला की फोन उशीखाली. सोल्डरिंगची सळई हातात घेतली की हात लटपटायचा. काका म्हणाले, "लटपटू दे. आदी मनगट टेकव, मंग हात." अजूनही रोज सकाळी पहिला फोन उघडताना मी आधी मनगट टेकवतो. आज माझं पोट ज्या कामावर भरतं ते त्या माणसानं शिकवलं, आणि शिकवताना मी आठवी पास आहे का नापास हे एकदाही विचारलं नाही.

काका मूळचे आमच्याकडचे नव्हेत, उंबरमाळीकडचे, शहापूर तालुक्यातले. धसईत कसे आले, लग्न का केलं नाही, याच्या बाजारात चार-पाच कथा होत्या. आवाजांचं हे वेड कुठून लागलं याच्या तर आणखी जास्त. कुणी म्हणे, त्यांची आई गेली तेव्हा तिचा एकही आवाज कुठं नव्हता. कुणी म्हणे, आश्रमशाळेत घरच्या बोलीत बोलले म्हणून गुरुजींनी दिवसभर उन्हात उभं केलं होतं. मी एकदा धीर करून विचारलं, यातलं खरं काय. म्हणाले, "तुला काय वाटतं, दात दुकल्याबिगर मानूस दात घासत नाय?"

दुकानात ते फक्त ठाकरीत बोलायचे. ठाण्याहून कंपनीचा टाय घातलेला पोरगा यायचा, तो हिंदीत सुरू व्हायचा, हे ठाकरीत उत्तर द्यायचे. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? पण आमच्यातलाच कुणी कल्याणला नोकरीला लागलेला येऊन, "अंकल, मेरा डिस्प्ले चेक करो ना," असं म्हणाला की काका उठून पंखा बंद करायचे. तो घामाघूम होऊन "काका, जरा बगा ना," म्हणेपर्यंत पंखा बंद. लोक हसायचे, पण बोलायचेही. आमची पोरं शाळेत जाताना घरची बोली चपलेसारखी दारात काढून ठेवायला शिकली होती. काकांच्या दुकानात ती घालूनच आत यावं लागायचं.

फोनमधलं पुरेनासं झालं तसे ते वाड्यावाड्यांतून फिरायला लागले. मोटारसायकलच्या मागं मी, माझ्या मांडीवर गोधडी. ही गोधडी आमचा स्टुडिओ. ज्याच्या घरी जाऊ तिथं दारात टांगायची, म्हणजे आवाज घुमत नाही आणि कोंबड्या आत येत नाहीत. तरी एखादा कोंबडा नेमका मोक्याला आरवायचा. मी थांबवायला जायचो तर काका हात करायचे, "ऱ्हावू दे. तो पन हितलाच."

त्यांच्या फितींची नावंही अशीच. आकडे नाहीत, तारखा नाहीत. "थोरली काकू, नाचणी निवडताना." "दोन जावा, तिसरीबद्दल." "बाबा, रेडा हाकताना, राग आलेला." प्रत्येक आवाजवाल्याला ते एकच प्रश्न विचारायचे. सगळ्यांना ऐकवायचा, आपल्यातल्यांना ऐकवायचा, का घरच्यांनाच? आवाजवाला सांगेल तसं. मुंबईच्या कॉलेजातल्या एक बाई आल्या होत्या, भाषांचा अभ्यास करणाऱ्या. त्यांना वाटलं पेनड्राइव्ह भरून मिळेल. काका म्हणाले, "माज्या हातात नाय. ज्याचा आवाज त्याला विचारू, चला." त्या बाई खरंच आल्या चालत, चिखलातून, घरोघरी. जाताना त्यांनी आम्हाला चांगला माइक दिला आणि एक गोष्ट बजावली, सगळं एकाच जागी ठेवू नका. काकांनी ते मनावर घेतलं. एक प्रत दुकानात, एक उंबरमाळीला बहिणीकडे, आणि एक हार्डडिस्क स्टीलच्या डब्यात घालून आमच्या घरच्या भाताच्या कणगीत. माझी आई रोज भात काढताना डबा बाजूला करायची आणि म्हणायची, "सरका गो बायांनो."

आता आत्याचं सांगतो. काका म्हटलं की मला तीच सकाळ आठवते.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. सिद्धगडाच्या पायथ्याला, आमच्या वाडीतून ओहोळ ओलांडला की तिची वाडी. तिला वरईची गोष्ट येत होती. वरई, डोंगरउतारावर पिकणारं बारीक धान्य, माणसांवर रुसून डोंगरावर जाऊन बसते आणि एक पोर तिला शोधायला निघते, अशी ती गोष्ट. वाटेत प्रत्येक झाडाला विचारायचं, आणि प्रत्येक झाड आपलं काही गाऱ्हाणं सांगून पुढं पाठवणार. मोठी गोष्ट, एका बैठकीत न संपणारी. पूर्वी सुगी झाल्यावर शेकोटीपाशी सगळी वाडी ऐकायची. मग घरोघर टीव्ही आले. तुकडे सगळ्यांना येत होते, अख्खी येणारी आत्या एकटीच उरली होती.

आणि आत्याच्या घशात गाठ निघाली. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तारीखही दिली. आत्यानं चिठ्ठी पदराला बांधली. येताना जीपमध्ये म्हणाली, "जीव ऱ्हातो ना, मंग झालं. बोलून बोलून काय कमावलं मी?" आणि वाडीचा फाटा आल्यावर, उतरता उतरता, मलाच विचारल्यासारखं, "वरईची कोन सांगंल रे मंग?"

मी काकांना सांगितलं. बाजाराचा दिवस होता, दुकानासमोर माणसं उभी होती. काकांनी हातातला फोन तसाच उघडा ठेवला, शटर ओढलं आणि गोधडी माझ्या अंगावर टाकली.

पण आत्या तयार होईना. तिचा घसा फक्त सकाळी चालायचा. कोवळं ऊन पडलं की थोडा वेळ आवाज मोकळा, दुपारी जाड व्हायचा, दिवस कलला की नुसती खरखर. म्हणजे सांगायची तर सकाळी. आणि आमच्यात दिवसा गोष्ट सांगत नाहीत. दिवसा गोष्ट सांगितली की पोरांचा मामा वाट चुकतो.

"तुमाला काय," आत्या म्हणाली, "तुमी यंत्र घेऊन जाल धसईला. माज्या पोरांचा मामा माजा भाव हाय. या वयात त्याला कुठं शोदू?"

हे तिचं नुसतं बोलणं नव्हतं. तरुणपणी एकदा खळ्यावर पोरींनी हट्ट धरला म्हणून तिनं भर दुपारी अर्धी गोष्ट सांगितली होती, आणि त्याच दिवशी माझा बाप सिद्धगडाच्या रानात वाट चुकला. दुसऱ्या दिवशी सापडला, पायाचा अंगठा फुटलेला. बाप अजूनही दर सणाला तो अंगठा तिला दाखवतो.

मला वाटलं, काका आता तिला समजावतील, की हे असं काही नसतं. मला तेच सुचलं होतं. काका मात्र खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "बाय, मामा समोर बसला आसंल तर?"

"म्हंजे?"

"वाट चुकायला आदी वाटंवर पाय ठेवाय लागतो. तुजा भाव हितं बसंल, या खांबाला टेकून. तू सांगतंस तवर उठनार नाय. मंग चुकंल कसा?"

आत्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आन् मुतायला गेला तर?"

"मी संगं जातो."

आत्या हसली. घशात दुखलं तरी हसली. "आन मंग त्याला," म्हणाली.

बापाला आणणं सोपं नव्हतं. राब भाजायचे दिवस. रोपांच्या जागेवर शेण, पातेरा, फांद्या पसरून जाळायच्या, वारा बघून. बाप म्हणाला, "माजा राब कोन भाजंल, तुमचं यंत्र?"

"मी भाजतो," काका म्हणाले.

"तुमी? तुमी डिस्प्ले भाजता."

"दुपारून मी आन् तुजा पोर. सकाळी तू बहिनीसमोर बसायचं. सौदा."

बापानं काकांच्या मऊ हातांकडे पाहिलं. हे हात राबात बघायला मिळणार, या एका आनंदापोटी तो तयार झाला असं मला आजही वाटतं.

पहिल्या सकाळी दारात गोधडी टांगली, बाप खांबाला टेकून बसला, आत्यानं पाणी पिऊन घसा ओला केला आणि सुरू केलं. पोर निघाली. पोरीनं पळसाला विचारलं, वरई दिसली का? पळस म्हणाला, माज्याकडं नाय, माजी पानं तुमी पत्रावळीला नेली, मी काय झाकून ठेवनार, पुढं जा.

"पळसाच्या आदी साग," बाप म्हणाला.

"साग कुठला रे मदीच?"

"आय सांगायची तवा साग व्हता."

"सागाला कोन विचारंल? साग सरकारचा."

"मंग सरकारलाच विचारायचं ना, वरई कुठं गेली."

"गप बस. तुला बोलाय नाय आनला, बसाय आनलाय."

मी घाबरून काकांकडे पाहिलं. हे सगळं रेकॉर्ड होत होतं. काकांनी डोळे मिटले होते आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला होता. नंतर मी विचारलं, मधलं भांडण कापायचं का? म्हणाले, "ठेवू. आदी ठेवू, मंग बगू." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आदी ठेवू, मंग बगू. मग बघायची वेळ सहसा यायची नाही.

दुपारी राबावर काकांचं काय झालं ते सगळ्या वाडीनं पाहिलं. वारा फिरला, ज्वाळ अंगावर आली, भुवया होरपळल्या, हेडफोनची वायर वितळता वितळता राहिली. बाप बांधावर बसून सूचना करत होता. काका खोकत खोकत म्हणाले, "दादा, आवाज बाकी चांगला आला." त्यांनी राब भाजल्याचीही फीत केली होती.

दुसरी सकाळही गेली. मोहानं सांगितलं, माज्याकडं नाय, मी माजी फुलं संबाळू शकलो नाय, वरई काय संबाळनार. ऐनानं सांगितलं, माज्या पाठीला मगरीसारकी साल, माज्याजवळ कोन येऊन बसंल. आत्याचा आवाज एकेका झाडापाशी वेगळा व्हायचा. पळस चिडका, मोह रडका, ऐन लाजरा. मी लहानपणी ही गोष्ट ऐकली होती, पण झाडांना स्वभाव आहेत हे त्या दोन सकाळींमध्येच ध्यानात आलं.

तिसऱ्या सकाळी शेवट व्हायचा होता. त्याच दिवशी दुपारी ठाण्याला न्यायला जीप येणार होती. आत्याचं गाठोडं दारातच बांधून ठेवलेलं. पोर सगळी झाडं मागं टाकून वरच्या कातळापाशी पोहोचली. तेवढ्यात काका माइकची बॅटरी बदलायला वळले, मी वायर धरायला वाकलो, आणि वर पाहिलं तर खांब रिकामा.

आत्या थांबली. "कुठं गेला?"

मागच्या परसात नाही, गोठ्यात नाही, ओहोळावर दिसत नाही. वाडीतल्या बाया जमल्या. एक म्हणाली, "सांगितलं व्हतं दिवसा नको." दुसरी म्हणाली, "पुसून टाका ते सगळं, आत्ताच्या आत्ता पुसा, म्हंजे तरी येईल." बाप माझा होता. मी काकांचा हात धरला आणि खरं सांगतो, मलाही तेच म्हणायचं होतं, पुसा.

काकांनी हेडफोन काढून आत्याच्या मांडीवर ठेवला. "पुसायचं का नाय ते ही सांगंल. आवाज हिचा हाय," ते म्हणाले. आत्या नुसती त्या खांबाकडे बघत बसली. काका मला म्हणाले, "चल."

बाप फार लांब गेला नव्हता. ओहोळाच्या वरच्या अंगाला करवंदीची जाळी आहे, तिच्या पलीकडे दगडावर बसला होता, तंबाखू मळत. आम्हाला बघून दचकलासुद्धा नाही.

"दादा, वाट चुकलास?" काकांनी विचारलं.

"या वाटंवर? डोळं बांदून यीन मी."

"मंग?"

बापानं तंबाखू तोंडात टाकली नाही, तशीच मुठीत धरून ठेवली. "गोष्ट संपली की गाडी येनार," तो म्हणाला. "मी नसलो की ती सांगत नाय. सांगत नाय तवर संपत नाय. नायतर तिला आवाजासकट न्या, आवाजासकट आना."

मला रडू फुटलं. काका बापाशेजारी दगडावर टेकले. त्यांच्या अर्ध्या भुवया, काळवंडलेला शर्ट. मग काका म्हणाले, "दादा, गाडी तर येनारच. गाठ थांबनार नाय. मला कायबी दुरुस्त करता येतं, ते नाय येत. मला निस्तं ठेवता येतं. पन तेवडं ठेवीन. सगळं ठेवीन. शेवट तुज्याबिगर ती सांगनार नाय, आन् शेवटाबिगर वरई वरच ऱ्हाईल, कायमची."

बाप उठला. धोतराला हात पुसले. मग काकांच्या पुढं हात केला, "धरा. एकटा गेलो तर म्हनंल खराच हरवला व्हता."

ते दोघं म्हातारे हातात हात घालून वाडीत शिरले तेव्हा बायांनी वाट दिली. आत्यानं बापाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अंगठ्याकडेही पाहिलं.

"कुठं मेला व्हतास?"

"हितंच व्हतो गो. पान्यापाशी."

"बस. हलू नको."

आणि तिनं शेवट सांगितला. आवाज एव्हाना बसत आला होता, एकेक शब्द खरवडून काढावा तसा येत होता. पोरीनं कातळाला विचारलं, वरई दिसली का? कातळ म्हणाला, हाय माज्यापाशी, पन निजलीय. हाक मारू नको. दळायला बस. पोरीकडं दाणा नव्हता. तिनं रिकामं जातं फिरवलं. आणि रिकाम्या जात्याचा आवाज वरईला निजल्या निजल्या सोसवेना. ती उठली आणि डोंगर उतरत धावत आली, जात्यात येऊन बसली. आत्यानं पाणी मागितलं. बापानं ते नेऊन दिलं. जीपचा हॉर्न वाजला.

जीपमध्ये बसायच्या आधी काकांनी तिला त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. सगळ्यांना, आपल्यातल्यांना, का घरच्यांना?

"सगळ्यांना," आत्या म्हणाली. "पोरांना तर पयली. पन दिवसा ऐकवाल तर मामा समोर पायजे."

मी ऐकलेलं तिचं शेवटचं वाक्य ते.

ऑपरेशन झालं. आत्या परत आली, गळ्याला फडकं बांधून. बोलणं गेलं, पण जेवण आलं, रंग आला. आणि काकांनी दर शनिवारी दुपारी तिच्याच पडवीत पोरं जमवायला सुरुवात केली. छोटा स्पीकर लावायचा, आत्याचा आवाज त्यातून यायचा, आत्या स्वतः पोरांसमोर बसून हातानं झाडं दाखवायची. आणि अट अशी की मामा हजर पाहिजे. एका पोराचा तरी. काका ती अट इतकी कडक पाळायचे की लोकांना हसू यायचं. एका शनिवारी कुणाचाच मामा सापडेना तेव्हा त्यांनी रस्त्यावरची जीप थांबवली. "ए, तू कुनाचा मामा?" ड्रायव्हर म्हणाला, "माजी भाची टोकावड्याला हाय." काका म्हणाले, "चालंल. उतर. चहा घे." आता आत्याच्या वाडीत मामालोकांची पाळी लागते. कुणी रानातून येतो, कुणी सुट्टी टाकून येतो. मामा बसले की ऐकतातही, आणि ऐकलं की घरी जाऊन बोलतात. ज्या घरांत पोरांशी टीव्हीवरची मराठी बोलायची फॅशन आली होती, तिथं आता पळस पुन्हा चिडायला लागलाय.

कोचीनची नोकरी काकांच्याच ओळखीनं लागली. मी जायला घाबरत होतो. तिथली भाषा येत नाही, मी काय बोलू? म्हणाले, "काय बी बोल, पन गप बसू नको. गप बसलेलं मानूस मला दुरुस्त करता येत नाय." पण इथं मी गप्पच बसलो. खोलीत आम्ही सहा जण, सहा मुलखांतले. कामापुरती हिंदी, दुकानापुरती तोडकीमोडकी मल्याळी. रस्त्यावर माणसं आपल्या भाषेत इतकी मोठ्यानं भांडतात की हेवा वाटतो. माझी बोली मात्र आतल्या आत वाळत चालली होती. एकदा करवंदाच्या जाळीला आमच्यात काय म्हणतात ते मला पटकन आठवेना, आणि मी घामानं भिजलो.

मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत काकांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचा फोन आला की आधी मनात येतं, कोण गेलं? पण ते म्हणाले, "मामा पायजे."

"कुनाचा?"

"तुजा. तुज्या बहिनीची पोर आज निस्ती ऐकनार नाय, सांगनार हाय. तुजा बाप बाजाराला गेलाय, मदी बोलायला कोन नाय. तू समोर बस."

त्यांनी फोन पडवीतल्या खांबाला टेकवून ठेवला. मला पोर दिसत होती, दोन वेण्या, फ्रॉकचं एक बटण नाही. समोर आत्या मांडी घालून. पोरीनं सुरू केलं. पळस आला, मोह आला, ऐन आला. मधे साग आला, तो तिला माझ्या बापानं शिकवला असणार, आणि आत्यानं कपाळावर हात मारलेला मला दिसला. पोर कातळापाशी आली. "कातळ म्हनाला," ती म्हणाली आणि अडली. पुन्हा म्हणाली, "कातळ म्हनाला..." तिनं आत्याकडे पाहिलं. आत्याचे ओठ हलले, पण आवाज कुठून येणार? स्पीकर काकांच्या हातात होता. त्यांनी तो लावला नाही. ते वाकले आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "मामा, बोल."

शेजारच्या टेबलावर आमचा सुपरवायझर जेवत होता. पलीकडे दोन पोरं. मी या सेंटरमध्ये आजवर ठाकरीतला एक शब्द उच्चारला नव्हता. मी मनगट टेबलावर टेकवलं.

"हाक मारू नको," मी म्हणालो. आवाज माझाच का असं वाटलं. "दळायला बस."

"हाक मारू नको!" पोर ओरडली, माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं. "दळायला बस!"

सुपरवायझरनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भात कालवायला लागला.

मग फोनमधून घर्र, घर्र असा आवाज येऊ लागला. मला वाटलं नेटवर्क गेलं. "काका, आवाज फाटतोय," मी म्हणालो. काकांनी फोन उचलून खाली वळवला. आत्या पुढं वाकली होती आणि तळहात दाबून सारवलेल्या जमिनीवर गोल गोल फिरवत होती. पोर तिच्यासमोर बसली, तिनं आपला हात आत्याच्या हातावर ठेवला, आणि दोघी दळू लागल्या.